सरकारी गुपित आणि कंत्राटी हात

अमेरिकेत व्हर्जिनियाच्या उत्तर भागात, मेरीलँडमधल्या फोर्ट मीडच्या आसपास किंवा अलाबामातल्या हंट्सव्हिलमध्ये संरक्षण खात्याची कंत्राटे घेणाऱ्या कंपन्या नोकरीच्या जाहिराती देतात, तेव्हा त्यांतल्या कित्येक जाहिरातींत शिक्षण आणि अनुभव यांच्याही आधी एक अट असते. उमेदवाराकडे चालू सिक्युरिटी क्लिअरन्स हवे. सरकारी गुपिते हाताळायला हा माणूस लायक आहे, असा सरकारने दिलेला निर्वाळा म्हणजे हे क्लिअरन्स. ते मागायला कोणालाही स्वतःहून जाता येत नाही. माणसाची शिफारस कंपनीने करायची आणि खुद्द कंपनीची शिफारस एखाद्या सरकारी खात्याने किंवा आधीच मंजुरी मिळालेल्या मोठ्या कंत्राटदाराने करायची, असा नियम आहे. त्यामुळे नवख्या इंजिनिअरपुढे आणि नव्या लहान कंपनीपुढे एकच पेच उभा राहतो. काम नाही म्हणून क्लिअरन्स नाही, आणि क्लिअरन्स नाही म्हणून काम नाही. हा पेच कोणी एका बैठकीत ठरवून आणलेला नाही. एकेक युद्ध, एकेक हेरगिरीचे प्रकरण आणि एकेक खटला यांतून तो शंभर वर्षांत घडत गेला. सरकारी कारकुनाच्या निष्ठेचा प्रश्न खासगी कंत्राटदाराच्या पोटापाण्याचा प्रश्न कसा झाला, याचा माग काढायचा तर आपल्याला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मागे जावे लागेल.

जुलै १८८१ मध्ये अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात गोळी झाडली गेली. झाडणारा चार्ल्स गिटो सरकारी पद न मिळाल्याने नाराज झालेला इसम होता. सप्टेंबरमध्ये गारफील्ड मरण पावले. तोवर अमेरिकेत सरकारी नोकऱ्या जिंकलेल्या पक्षाच्या माणसांना वाटल्या जात. या हत्येने त्या पद्धतीविरुद्ध लोकमत पेटले आणि १६ जानेवारी १८८३ रोजी पेंडलटन कायदा झाला. परीक्षा घ्यायची, गुणावर नेमणूक करायची, हे त्याचे सूत्र. त्या कायद्याखालच्या नियमांत एक मोठी उदार अट घातलेली होती. उमेदवाराची राजकीय किंवा धार्मिक मते काढून घेणारा प्रश्न विचारायला तिथे मनाई होती. आज जी व्यवस्था माणसाच्या आयुष्याचा कोपरान् कोपरा धुंडाळते, तिच्या मुळाशी अशी मनाई होती, हे आपण लक्षात ठेवू. पहिल्या महायुद्धाने या मनाईला पहिली चीर पाडली. अमेरिका युद्धात उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी, ७ एप्रिल १९१७ रोजी, अध्यक्ष विल्सन यांनी एक गुप्त आदेश काढून निष्ठेबद्दल संशय असलेल्या कर्मचाऱ्याला दूर करण्याचा अधिकार खातेप्रमुखांना दिला. कंत्राटदार मात्र अजून या चित्रात आलेला नव्हता.

तो आला १९२६ मध्ये, आणि आला विमानामुळे. त्या वर्षीच्या एअर कोअर कायद्यात, विमानखरेदीच्या कलमांच्या गर्दीत, एक छोटी तरतूद होती. सरकारसाठी विमाने बांधणाऱ्या कंत्राटदाराकडे काम करणाऱ्या परदेशी नागरिकाला, खात्याच्या सचिवाची आगाऊ लेखी संमती असल्याखेरीज, नकाशे आणि तपशील पाहू द्यायचे नाहीत. सिक्युरिटी क्लिअरन्सच्या इतिहासात या कलमाची फारशी आठवण कोणी काढत नाही, पण माझ्या मते कंत्राटी क्लिअरन्सचा जन्म इथेच झाला. खासगी कारखान्यात, खासगी मालकाच्या पगारावर असलेल्या माणसाने कोणता कागद पाहायचा हे सरकार ठरवू लागले, ते या कलमापासून. सरकारी मालकीच्या तोफखान्यांत आणि गोद्यांत हा प्रश्न उद्भवत नव्हता. विमान मात्र खासगी कारखान्यात तयार होत होते. १९४० च्या जूनमध्ये, युरोप जळत असताना, हेच बंधन विमानांपुरते न ठेवता सगळ्या गुप्त सरकारी कंत्राटांना लागू करण्यात आले. त्याआधी मार्च महिन्यातच अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आदेश क्रमांक ८३८१ ने लष्करी माहितीच्या गुप्ततेच्या वर्गवारीला अध्यक्षीय अधिकाराचे बळ दिले होते.

दुसऱ्या महायुद्धात गुपित आणि कंत्राट यांची गाठ पक्की बसली. अणुबॉम्बचा मॅनहॅटन प्रकल्प लष्कराचा म्हणून ओळखला जातो, पण त्याची कामे करणारे हात बव्हंशी कंत्राटी होते. हॅनफर्डची अणुभट्टी ड्यूपाँ कंपनीने उभारली आणि चालवली, ओक रिजमधला युरेनियम वेगळे करण्याचा एक कारखाना टेनेसी ईस्टमनकडे होता, आणि लॉस अलामोसची प्रयोगशाळा चालवण्याचे कंत्राट कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे होते. हजारो माणसांना चौकशीचे फॉर्म भरावे लागले, बोटांचे ठसे द्यावे लागले. त्या प्रयोगशाळेचा प्रमुख रॉबर्ट ओपेनहायमर याच्या डाव्या वर्तुळातल्या ओळखींमुळे सुरक्षा अधिकारी त्याला मंजुरी द्यायला तयार नव्हते. २० जुलै १९४३ रोजी जनरल ग्रोव्हज यांनी लेखी आदेश देऊन, मिळालेली माहिती काही असो, मंजुरी विनाविलंब द्यावी असे सांगितले. माणूस कामाला अपरिहार्य होता, हे एकच कारण त्यामागे होते. युद्ध संपल्यावर १९४६ च्या अणुऊर्जा कायद्याने हा सारा पसारा नागरी अणुऊर्जा आयोगाकडे सोपवला आणि गुप्त माहितीला हात लावणाऱ्या कंत्राटी माणसांचीही एफबीआयकडून चौकशी करण्याची सक्ती केली. जे घाईत सुरू झाले होते, ते आता कायद्यात बसले.

पुढची दहा वर्षे या कथेतली सर्वांत कडवट आहेत. २१ मार्च १९४७ रोजी अध्यक्ष ट्रुमन यांनी सरकारी नोकरांच्या निष्ठा-तपासणीचा आदेश काढला. १९५० मध्ये कोरियन युद्ध सुरू झाल्यावर मॅग्नसन कायद्याच्या आधाराने तटरक्षक दलाने खलाशी आणि गोदी कामगार यांचीही चाळणी सुरू केली. खासगी जहाजावरच्या खलाशाला कागद मिळाला नाही, तर त्याला जहाजावर चढता येत नसे. संशय कशाचा, तो कोणी घेतला, हे त्याला कळत नसे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या अपील न्यायालयाने १९५५ च्या पार्कर विरुद्ध लेस्टर खटल्यात ही पद्धत बेकायदा ठरवली. शास्त्रज्ञांच्या बाजूला पाहिले, तर कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतला रॉकेटतज्ज्ञ छ्येन श्वेसन याचे क्लिअरन्स जून १९५० मध्ये काढून घेण्यात आले. ज्या विषयात त्याने युद्धकाळात अमेरिकन लष्करासाठी काम केले होते, त्याच विषयाचे दरवाजे त्याला बंद झाले. पाच वर्षे नजरकैदेसारखी काढल्यावर १९५५ मध्ये त्याची चीनला रवानगी झाली, आणि चीनचा क्षेपणास्त्र कार्यक्रम त्याने उभा केला. नौदल खात्यातले तेव्हाचे वरिष्ठ अधिकारी डॅन किंबल यांनी हा निर्णय देशाने केलेला मोठा मूर्खपणा असल्याचे नंतर बोलून दाखवले. सुरक्षेच्या नावाने घेतलेल्या निर्णयाने देशाची सुरक्षाच दुबळी केल्याचे याहून ठळक उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

२७ एप्रिल १९५३ रोजी अध्यक्ष आयझेनहॉवर यांचा आदेश क्रमांक १०४५० आला. आता केवळ निष्ठा पुरेशी नव्हती. माणसाच्या सवयी, दारू, मानसिक प्रकृती आणि लैंगिक आयुष्य हे सगळे तपासले जाऊ लागले. त्याच डिसेंबरात ओपेनहायमरचे क्लिअरन्स स्थगित झाले. १९५४ च्या वसंतात झालेल्या त्याच्या सुनावणीवर पुस्तके, नाटके, चित्रपट झाले आहेत, म्हणून त्या तपशिलात आपण शिरणार नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने एकच गोष्ट ध्यानात घ्यायची. ओपेनहायमर त्या वेळी सरकारी नोकर नव्हता. तो अणुऊर्जा आयोगाचा सल्लागार होता, आणि त्याचे सल्लागाराचे कंत्राट ३० जून १९५४ रोजी आपोआप संपणार होते. आयोगाने चार विरुद्ध एक मतांनी त्याची मंजुरी नाकारली ती २९ जूनला. कंत्राट पुन्हा न देता आयोग त्याला गुपचूप दूर करू शकला असता. पण क्लिअरन्स हिरावून घेणे ही केव्हाच शिक्षा झाली होती. १६ डिसेंबर २०२२ रोजी ऊर्जा सचिव जेनिफर ग्रॅनहोम यांनी तो निर्णय रद्द केला. ओपेनहायमरला जाऊन तोवर पंचावन्न वर्षे झाली होती.

ओपेनहायमरचे नाव जगाला ठाऊक आहे. विल्यम ग्रीनचे नाव फारच थोड्यांना ठाऊक असेल, आणि कंत्राटी कामगाराच्या दृष्टीने ग्रीनचे प्रकरण कितीतरी मोलाचे आहे. ग्रीन हा विमानविद्येचा इंजिनिअर. १९३७ मध्ये तो मेरीलँडमधल्या इंजिनिअरिंग अँड रिसर्च कॉर्पोरेशन या कंपनीत कनिष्ठ इंजिनिअर म्हणून लागला आणि चढत चढत उपाध्यक्ष व सरव्यवस्थापक झाला. वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी लागणारे इलेक्ट्रॉनिक सिम्युलेटर ही कंपनी बनवत असे आणि तिची बरीचशी कामे नौदलाची होती. १९५१ मध्ये त्याचे क्लिअरन्स काढले गेले, १९५२ मध्ये वरच्या मंडळाने ते परत दिले, आणि एप्रिल १९५३ मध्ये नौदल सचिवांनी कंपनीला पत्र पाठवून ते पुन्हा काढले. ग्रीनला गुप्त कामापासून दूर ठेवावे, असे त्या पत्रात होते. सरव्यवस्थापकच गुप्त कामाजवळ जाऊ शकत नसेल, तर कंपनी त्याला ठेवणार कशी? ग्रीनला पद सोडावे लागले. आरोपांचा मोठा भाग त्याच्या पहिल्या पत्नीच्या डाव्या विचारांभोवती फिरत होता. तिच्याशी त्याचा घटस्फोट १९४७ मध्येच झालेला होता. रशियन अधिकाऱ्यांशी झालेल्या भेटी कंपनीच्या व्यवसायासाठी होत्या, अशी साक्ष कंपनीच्या लोकांनी दिली. उलट ज्यांच्या सांगण्यावरून निर्णय झाला, ते खबरे सुनावणीला कधीच आले नाहीत. त्यांची उलटतपासणी करायची संधी ग्रीनला मिळाली नाही. वर्षाला १८,००० डॉलर मिळवणारा हा माणूस शेवटी इमारतींचे नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन म्हणून कितीतरी कमी पगारावर काम करू लागला.

२९ जून १९५९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ग्रीन विरुद्ध मॅकेलरॉय खटल्याचा निकाल दिला. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी निकालपत्र लिहिले. साक्षीदाराला समोर आणून त्याची उलटतपासणी करू न देता एखाद्याचा व्यवसाय हिरावून घेण्याचा अधिकार ना अमेरिकी काँग्रेसने दिला आहे, ना अध्यक्षांनी, असे न्यायालयाने म्हटले. असा अधिकार दिला असता तर तो घटनेत बसला असता का, हा प्रश्न मात्र न्यायालयाने मोकळा ठेवला. आठ महिन्यांत सरकारने उत्तर दिले. २० फेब्रुवारी १९६० रोजी आयझेनहॉवर यांचा आदेश क्रमांक १०८६५ निघाला. उद्योगांतल्या गुप्त माहितीच्या रक्षणासाठीच तो खास काढलेला होता. कंत्राटी कर्मचाऱ्याला नकाराची कारणे लेखी द्यायची, त्याला उत्तर द्यायला वेळ द्यायचा, वकील लावू द्यायचा, सुनावणी घ्यायची आणि काही अपवाद सोडता विरोधी साक्षीदाराला प्रश्न विचारू द्यायचे, हे त्यात लिहिले गेले. खातेप्रमुखाने स्वतःच्या सहीने ही सारी प्रक्रिया टाळण्याची एक वाटही त्यात ठेवलेली होती. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्रीनचा बुडालेल्या पगाराच्या भरपाईचा हक्कही मान्य केला. एका ड्राफ्ट्समन होऊन बसलेल्या इंजिनिअरने अकरा वर्षे लढून लाखो अनोळखी माणसांना ही सुनावणी मिळवून दिली. ओपेनहायमरच्या सुनावणीने असा एकही हक्क पुढच्या कोणाच्या पदरात टाकला नाही.

पण ग्रीन इंजिनिअर होता. वॉशिंग्टन शहरात अॅनाकोस्टिया नदीकाठी नौदलाचा तोफांचा कारखाना होता, नेव्हल गन फॅक्टरी. तिथल्या उपाहारगृहाचे कंत्राट एम अँड एम रेस्टॉरंट्सकडे होते आणि रेचेल ब्रॉनर ही बाई तिथे स्वयंपाकी होती. सहा वर्षांहून जास्त काळ तिने निर्वेध काम केले होते. १५ नोव्हेंबर १९५६ रोजी तिचा ओळखबिल्ला परत मागण्यात आला. ती सुरक्षेच्या अटी पुऱ्या करत नाही, एवढेच सांगण्यात आले. कोणत्या अटी, हे तिला कळले नाही. तिच्या युनियनने खटला लढवला. १९ जून १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तिच्याविरुद्ध निकाल दिला. लष्करी तळात कोणाला घ्यायचे हा तळप्रमुखाचा अधिकार आहे, आणि ब्रॉनरला दुसरीकडे स्वयंपाकाचे काम करायला कोणी अडवलेले नाही, असा बहुमताचा युक्तिवाद होता. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी असहमती नोंदवली. ग्रीनच्या निकालानंतर दोनच वर्षांनी आलेला हा निकाल मला फार बोचतो. गुप्त नकाशा हाताळणाऱ्याला सुनावणी मिळाली आणि अंडी तळणाऱ्या बाईला कारणसुद्धा मिळाले नाही. क्लिअरन्सची व्यवस्था ज्यांना सहज चिरडते ते बहुधा गुपितापासून सर्वांत लांब उभे असतात. सफाई करणारे, जेवण रांधणारे, माल वाहणारे हे कंत्राटी लोक बिल्ला गेला की त्याच दिवशी फाटकाबाहेर असतात.

पुढची तीस वर्षे आपण थोडी भरभर ओलांडू. सिलिकॉन व्हॅलीतल्या संरक्षण कंपन्यांत काम करणाऱ्या समलिंगी तंत्रज्ञांच्या क्लिअरन्सची चौकशी वाजवीपेक्षा जास्त लांबवली जाते, म्हणून 'हाय टेक गेज' या सॅन होजेच्या संघटनेने संरक्षण खात्यावर खटला भरला. १९८७ मध्ये ती जिंकली, १९९० मध्ये अपिलात हरली. १९९५ च्या ऑगस्टमध्ये अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेश क्रमांक १२९६८ ने लैंगिक कल हे नकाराचे कारण होऊ शकत नाही असे स्पष्ट केले, तेव्हा कोर्टात हरलेली बाजू धोरणात जिंकली. मध्यंतरी हेरगिरीने भीती वाढवली होती. टीआरडब्ल्यू या कंत्राटदार कंपनीतला तरुण कर्मचारी क्रिस्टोफर बॉइस उपग्रहांची गुपिते सोव्हिएत रशियाला विकल्याबद्दल १९७७ मध्ये पकडला गेला. १९८५ मध्ये वॉकर कुटुंबाची नौदलातली हेरगिरी उघड झाली. आणि २३ फेब्रुवारी १९८८ रोजी, नौदलाच्या ब्रेमर्टन येथील तळावरच्या एगन नावाच्या मजुराच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की सिक्युरिटी क्लिअरन्सवर कोणाचाही हक्क नसतो. ग्रीनने उघडलेले दार त्यामुळे बंद झाले नाही. पण दारातून आत गेल्यावर न्यायाधीशाने निर्णयाच्या गाभ्याला हात लावायचा नाही, हे जवळपास ठरून गेले.

६ जानेवारी १९९३ रोजी, पद सोडायला दोन आठवडे असताना, अध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी आदेश क्रमांक १२८२९ वर सही केली. वेगवेगळ्या खात्यांच्या वेगवेगळ्या औद्योगिक सुरक्षा नियमांना त्याने एका छत्राखाली आणले. आजचा कंत्राटदार ज्या घरात राहतो ते घर हेच. कंपनीला आधी स्वतःची मंजुरी लागते. तिचे प्रमुख अधिकारी तपासले जातात, तिची मालकी आणि कर्जे कोणा परदेशी हाती आहेत का ते पाहिले जाते. मंजुरी मागायला गुप्त कामाची खरी गरज दाखवावी लागते. व्हर्जिनियातल्या दहा माणसांच्या सॉफ्टवेअर कंपनीचा विचार करा. निविदेत मंजुरी असलेली कंपनीच चालेल असे लिहिलेले असते, आणि मंजुरी मिळायला आधी कोणीतरी काम द्यावे लागते. मग ती कंपनी एखाद्या बड्या कंत्राटदाराची पोटकंत्राटदार होते, त्याच्या शिफारशीवर मंजुरी मिळवते आणि नफ्यातला मोठा वाटा त्याच्याकडे सोडते. माणसाचेही तसेच. नोकरी सुटली आणि २४ महिन्यांत दुसरे मंजुरीचे काम मिळाले नाही, तर सहसा सारी चौकशी पहिल्यापासून होते. म्हणून कंपन्या नव्या माणसाला घडवण्यापेक्षा मंजुरी असलेला माणूस दुसऱ्या कंपनीतून ओढून आणणे पसंत करतात. मंजुरी माणसाच्या नावे असते, पण तिची गरज कंत्राट ठरवते आणि तिचा भाव बाजार ठरवतो. कसबी माणसाला बाहेर ठेवून मंजुरीवाल्या सामान्य माणसाला जास्त पगार देणारी ही रचना, माझ्या मते, करदात्याचेही नुकसान करते.

१९९६ मध्ये या गोष्टीने एक अजब वळण घेतले. चौकशी करणारे सरकारी अधिकारीच खासगी झाले. सरकारच्या मनुष्यबळ विभागाने आपली तपास शाखा बाहेर काढली आणि तिची यूएसआयएस ही कंपनी झाली. कंत्राटदाराची चौकशी आता कंत्राटदार करू लागला. ११ सप्टेंबर २००१ नंतर गुप्त कामांचा पूर आला. २००४ च्या गुप्तचर सुधारणा कायद्याने एका खात्याची मंजुरी दुसऱ्याने मानावी असे सांगितले, आणि २००९ अखेरपर्यंत ९० टक्के अर्जांचा निकाल सरासरी ६० दिवसांत लावावा असेही बजावले. २०१० मध्ये डाना प्रीस्ट आणि विल्यम आर्किन यांनी वॉशिंग्टन पोस्टमध्ये मोजदाद मांडली, तेव्हा टॉप सीक्रेट, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाची, मंजुरी असलेल्यांची संख्या सुमारे ८,५४,००० भरली आणि या कामांत १,९३१ खासगी कंपन्या आढळल्या. ऑक्टोबर २०१३ मध्ये सर्व दर्जांची मंजुरी असलेले लोक ५१ लाखांवर होते.

त्याच २०१३ ने व्यवस्थेचे अपुरेपण दाखवले. जूनमध्ये बूझ अॅलन हॅमिल्टनचा कंत्राटी कर्मचारी एडवर्ड स्नोडेन याने फोडलेली कागदपत्रे छापून येऊ लागली. १६ सप्टेंबर रोजी वॉशिंग्टन नेव्ही यार्डमध्ये एका कंत्राटी संगणक तंत्रज्ञाने गोळ्या झाडून १२ जणांचा जीव घेतला. त्याचा पास वैध होता आणि क्लिअरन्सही वैध होते. तरुणपणी त्याने एका गाडीच्या टायरवर गोळ्या झाडल्या होत्या. चौकशी अहवालात टायरची हवा काढली एवढेच आले होते आणि बंदुकीचा उल्लेख गळलेला होता. हे नेव्ही यार्ड म्हणजे अॅनाकोस्टियाकाठचा तोच परिसर, जिथे ब्रॉनरकडून बिल्ला परत घेण्यात आला होता. स्नोडेनची आणि या तंत्रज्ञाचीही चौकशी यूएसआयएसच्या हातून गेलेली होती. या कंपनीने २००८ ते २०१२ या काळात किमान ६,६५,००० चौकश्या अपुऱ्या तपासून पूर्ण म्हणून पुढे ढकलल्या, असा दावा न्याय खात्याने जानेवारी २०१४ मध्ये न्यायालयात केला. पुढच्या वर्षी तिच्या पालक कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. २०१५ च्या उन्हाळ्यात आणखी एक आघात उघड झाला. मनुष्यबळ विभागाच्या संगणकांतून २ कोटी १५ लाख माणसांची चौकशीची माहिती चोरीला गेली होती. शेजारी, पत्ते, कर्जे, औषधोपचार, परदेशी नातेवाईक असे सारे ज्या फॉर्मवर लोकांनी विश्वासाने लिहून दिले होते, तो एसएफ-८६ फॉर्म परक्यांच्या हाती गेला. माहिती देणाऱ्याने शब्द पाळला होता, घेणाऱ्याने ती जपली नाही.

दुरुस्तीची किंमत पुन्हा काम शोधणाऱ्यानेच मोजली. एप्रिल २०१८ मध्ये तुंबलेल्या चौकश्या ७,२५,००० पर्यंत पोहोचल्या. टॉप सीक्रेटसाठी वर्षाहून अधिक थांबावे लागत होते. इतके महिने पगार न देता माणसाला आशेवर ठेवणे किंवा पगार देऊन बिनकामाचे बसवणे मोठ्या कंपन्यांना झेपत होते. लहानांना झेपत नव्हते. २०१९ मध्ये चौकशीचे हे काम संरक्षण खात्याच्या नव्या संस्थेकडे गेले आणि वर्षभरात तुंबलेल्या चौकश्यांचा ढीग बराच ओसरला. त्याच काळात जुनी पद्धतही बदलली. टॉप सीक्रेटसाठी दर पाच वर्षांनी आणि सीक्रेटसाठी दर दहा वर्षांनी होणाऱ्या फेरचौकशीच्या जागी सततची तपासणी आली. माणसाच्या अटकेची नोंद किंवा थकलेले कर्ज आता संगणक रोज पाहतो.

या इतिहासाचा एक धागा मराठी घरांपर्यंत येतो. पुण्याहून किंवा नागपूरहून एच-१बी व्हिसावर गेलेला इंजिनिअर कितीही हुशार असला, तरी क्लिअरन्स अमेरिकन नागरिकालाच मिळते, म्हणून ही कामे त्याच्या आवाक्याबाहेर असतात. नागरिक झाल्यावर, क्लिअरन्ससाठी २०१७ मध्ये लागू झालेल्या १३ निकषांपैकी परदेशी प्रभावाचा निकष समोर येतो. कोथरूडमधले आईवडील, सरकारी नोकरीतला भाऊ, गावाकडची सामाईक जमीन, हे सगळे लिहून द्यावे लागते. लिहिणे हा गुन्हा नाही, लपवणे हा आहे. आपल्या देशातही हा प्रश्न कोर्टात गेला आहे. पाटणा विमानतळावरच्या एका कंत्राटदाराच्या मंजुरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये राष्ट्रीय सुरक्षेपुढे नैसर्गिक न्याय मागे सरू शकतो असे म्हटले. २०२३ मध्ये मल्याळम वाहिनी मीडियावनच्या खटल्यात त्याच न्यायालयाने नुसता सुरक्षेचा उच्चार पुरेसा नाही असे सांगून मंजुरीला दिलेला नकार रद्द केला. आणि मे २०२५ मध्ये मुंबईसह अनेक विमानतळांवर काम करणाऱ्या सेलेबी या तुर्की कंपनीची मंजुरी रद्द झाली, आणि रद्द करण्याचा तो निर्णय जुलैत दिल्ली उच्च न्यायालयाने कायम केला.

अमेरिकेतही २०२५ ने जुना प्रश्न उकरून काढला. एप्रिलमध्ये अध्यक्षांच्या एका आदेशाने सायबर सुरक्षा संस्थेचे माजी प्रमुख क्रिस क्रेब्स यांचे क्लिअरन्स रद्द केले आणि ते ज्या सेंटिनेलवन कंपनीत होते तिथल्या माणसांची क्लिअरन्सेसही स्थगित केली. क्रेब्स यांनी ती नोकरी सोडली. एकट्या माणसावरचा राग त्याच्या कंपनीच्या कंत्राटांपर्यंत पोहोचू शकतो, हे त्यातून दिसले. कंत्राटी कर्मचाऱ्याला आज नकाराचे कारण विचारण्याचा आणि सुनावणी मागण्याचा जो अधिकार आहे, तो अजूनही मुख्यतः १९६० च्या आदेश क्रमांक १०८६५ वर उभा आहे. तो काँग्रेसने केलेला कायदा नाही. एका अध्यक्षाच्या सहीने आलेला हा अधिकार दुसऱ्या अध्यक्षाच्या सहीने जाऊ शकतो. विल्यम ग्रीनने मिळवलेली ती सुनावणी काँग्रेसने कायद्यात लिहून ठेवावी, आणि रेचेल ब्रॉनरसारख्या बिल्ल्यावर पोट असलेल्या कंत्राटी कामगारालाही तिच्या कक्षेत घ्यावे.